बांध कुणी घालायचा?

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पेपरात एक प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: प्रकार्यवादी दृष्टिकोन स्पष्ट करा आणि त्यावरील टीका लिहा. मुलं तो पाठ करून येतात. समाज म्हणजे शरीर, संस्था म्हणजे अवयव, प्रत्येक अवयवाचं काही काम, सगळे मिळून तोल सांभाळतात. मग टीका: बदल समजावता येत नाही, संघर्षाकडे दुर्लक्ष, सत्तेबद्दल मौन. मार्क बरे मिळतात. असे गठ्ठे तपासता तपासता माझी चिडचिड होते, आणि ती उत्तर चुकलं म्हणून होत नाही. उत्तर बरोबरच असतं. पण ज्या मुलीनं ते लिहिलेलं असतं ती रोज बसनं खाजनाच्या कडेनं कॉलेजात येते, तिच्या आजीनं कुणाच्या तरी भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, अख्खा जन्म काढलेला असतो, आणि त्यातलं काहीच कागदावर उतरत नाही. प्रकार्यवाद, म्हणजे फंक्शनॅलिझम, हा तिच्या लेखी अमेरिकेत घडलेला प्रकार असतो.

म्हणून मी हल्ली वर्गात खाजनापासून सुरुवात करते.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. मांडवी आणि झुआरी या आमच्या दोन मोठ्या नद्या समुद्राला मिळण्याआधी कितीतरी मैल भरती-ओहोटीच्या ताब्यात असतात. नदीकाठची ही जमीन, म्हणजेच खाजन, भरतीच्या पातळीच्या खाली, किंवा जेमतेम बरोबरीला. तिथं भात पिकवायचं तर नदीचं खारं पाणी बाहेर थोपवायचं आणि पावसाचं गोडं पाणी वेळेवर सोडून द्यायचं, अशी दुहेरी कसरत. त्यासाठी चिखल, पेंढा आणि चिरे घालून बांध उभारले गेले आणि बांधांना जागोजाग दारं ठेवली गेली. या दाराला मानस म्हणतात. मानशीच्या लाकडी झडपांना राखण लागते, पण उघडझाप करायला माणूस लागत नाही. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा त्या मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलतं आणि त्या उघडतात. आतल्या बाजूला पाणी साठायला पोंय नावाचा खोलगट भाग. पावसाच्या पहिल्या सरींनी जमिनीतला खार धुऊन निघाला की कोरगूट पेरायचा. हा भात थोडाफार खारटपणा सोसतो. गोव्यात अशी सतरा-अठरा हजार हेक्टर जमीन आहे आणि ही सगळी करामत पोर्तुगीज येण्याच्या पुष्कळ आधीची आहे.

प्रकार्यवादी माणसाला खाजन दाखवलं तर तो हरखून जाईल. इथं प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टीला धरून आहे. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मार खाते म्हणून बांध टिकतो. बांध टिकतो म्हणून भात होतो. मानशीतून पाणी आत-बाहेर होताना सुंगटं (म्हणजे कोळंबी) आणि शेवटे, काळुंदरं असे मासे येतात, ती पकडायच्या हक्काची दरवर्षी पावणी होते, म्हणजे लिलाव. आणि त्या पैशातला वाटा बांधाच्या डागडुजीला जातो. हे सगळं बघायला गावकरी, म्हणजे गावच्या मूळ कुळांची संस्था, जिला पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटलं. हर्बर्ट स्पेन्सरनं एकोणिसाव्या शतकात समाजाला सजीव देहाची उपमा दिली, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर काय होतं कोण जाणे, पण झुआरीच्या काठावर उभं राहिलं की ती उपमा ओढूनताणून आणलेली वाटत नाही.

त्यात देवचार, म्हणजे गावचा अदृश्य राखणदार, आहेच. आमच्या बांधावर त्याची जागा आहे: एक जांभ्याचा दगड, त्याच्यावर मेणबत्त्यांचे ओघळ. रात्री तो बांधावरून फेरी मारतो, हातात दांडा, खांद्यावर घोंगडी, पायांत वहाणा. त्याला वर्षातून एकदा रोट (जाड भाकरी), सोरो (दारू) आणि विडी द्यायची. लहानपणी आम्हाला सक्त ताकीद होती की दिवेलागणीनंतर मानशीकडे जायचं नाही. कुणी रात्री झडप उचलून मासे पळवायला गेलाच तर देवचार त्याला चकवा लावतो, पहाटेपर्यंत तिथल्या तिथे फिरवतो.

हे सांगितलं की वर्गातल्या हुशार मुलांचे डोळे चमकतात. त्यांना उत्तर सापडलेलं असतं. देवचाराची भीती हीच मानशीची राखण! मग मी त्यांना मॅलिनोवस्कीची गोष्ट सांगते. पहिल्या महायुद्धाच्या काळात हा पोलिश माणूस न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिला होता. त्यानं पाहिलं की तिथले लोक किनाऱ्यालगतच्या शांत, बंदिस्त पाण्यात मासेमारीला जाताना काही मंत्रतंत्र करत नाहीत, तिथं हाताचं कसब पुरतं. पण खुल्या समुद्रात, जिथं जीव जायची भीती आणि मासा मिळेल-न मिळेल अशी अवस्था, तिथं जाण्याआधी जादूटोण्याचे पुरे विधी. म्हणजे जादू हा अडाणीपणा नव्हे, ती अनिश्चिततेत माणसाला धीर देण्याचं काम करते. ज्या काळात युरोपातले विद्वान आरामखुर्चीत बसून ‘रानटी’ लोकांच्या समजुती हसण्यावारी नेत होते, त्या काळात हे म्हणणं मोठं होतं. प्रकार्यवादाचं हे देणं मी कधी कमी लेखत नाही. दुसऱ्याची रीत विचित्र वाटली तर हसण्याआधी ‘ही इथं काय काम करते?’ असं विचारायचं, ही सवय त्यानं लावली. मालवणला जन्मलेल्या घुर्यांच्या हाताखाली मुंबईत शिकून एम. एन. श्रीनिवास ऑक्सफर्डला रॅडक्लिफ-ब्राऊन या प्रकार्यवादी मानववंशशास्त्रज्ञाकडे गेले आणि १९५२ साली त्यांचा कूर्गमधल्या धर्मावरचा ग्रंथ आला, तो याच सवयीतून. विधी माणसांना कुटुंबाशी, गावाशी कसे बांधतात हे त्यात बारकाईनं टिपलेलं आहे. गावाकडे बघायची आपल्याकडच्या समाजशास्त्राची नजर पुढची कितीतरी वर्षं त्या वळणाची राहिली.

पण देवचाराकडे परत येऊ, कारण तिथं एक गोम आहे. देवचार फक्त बांधावर नसतो. तो वडाखाली असतो, झरीवर असतो, डोंगराच्या वाटेवर असतो. जिथं राखायला मानस नाही, मासे नाहीत, चोरण्यासारखं काहीच नाही, तिथंही त्याला रोट मिळतो. मग मानशीची राखण हे त्याच्या असण्याचं कारण कसं? वर्गात मी हे विचारलं की पाच मिनिटांत मुलं वडाखालच्या देवचारालाही काम शोधून देतात: झाड तोडू नये म्हणून. झरीवरच्याला: पाणी घाण करू नये म्हणून. हा खेळ कितीही वेळ चालू शकतो, आणि अडचण नेमकी हीच आहे. समजूत टिकली तर ती उपयोगी म्हणून टिकली, विरली तर उपयोग संपला म्हणून विरली. ज्या स्पष्टीकरणाला हरताच येत नाही त्याच्याशी खेळण्यात काय हशील?

गंमत म्हणजे या धोक्याची सूचना घरातल्याच वडीलधाऱ्यानं देऊन ठेवली होती. एमिल दुर्खीमनं १८९५ साली समाजशास्त्राच्या पद्धतीवर लिहिताना बजावलं होतं की एखादी गोष्ट कशामुळे निर्माण झाली आणि ती कोणतं काम करते, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. गरज आहे म्हणून वस्तू आपोआप जन्माला येत नाही. पुढच्या पिढ्यांनी दुर्खीमचा तोल, ऐक्य, सामूहिक जाणीव हे सगळं उचललं आणि ही ओळ मात्र पुष्कळदा घरी विसरून आले.

मानशीतली सुंगटं या बाबतीत मला सगळ्यात चांगली शिक्षिका वाटतात. मानस बांधली ती खारं पाणी अडवायला. मासे येणं हा आनुषंगिक लाभ. कुणी सुंगटांसाठी बांध घातला नव्हता. रॉबर्ट मर्टननं १९४९ साली जो भेद नीट मांडला, व्यक्त प्रकार्य आणि अव्यक्त प्रकार्य, तो इथं हाताला लागतो: करणाऱ्यांच्या मनात असलेलं काम एक, आणि नकळत होत राहणारं काम दुसरं. मर्टनचं उदाहरण होपी लोकांच्या पाऊस पाडायच्या विधीचं होतं. त्यानं पाऊस पडत नसेल, पण विखुरलेली माणसं एकत्र येतात आणि समूह म्हणून टिकतात. आमच्या सुंगटांची गोष्ट याच्या पुढे जाते. सुंगटांचा भाव वाढला. पावणीची बोली भातापेक्षा जड झाली. मग बोली घेणाऱ्याला वाटू लागलं की खारं पाणी आणखी आत यावं, जास्त वेळ राहावं, म्हणजे मासा जास्त. कुठं झडपा गरजेपेक्षा जास्त वेळ उघड्या राहू लागल्या, कुठं बांधालाच रातोरात भगदाड पडू लागलं आणि ते उंदीर-खेकड्यांच्या नावावर खपू लागलं. शेतात खार चढला. भात गेलं. शेत पडीक राहिलं की तिथं वर्षभर मासे धरायला कुणाची हरकत उरत नाही. अव्यक्त लाभ व्यक्त झाला, आणि त्यानं ज्या कामासाठी मानस होती तेच काम खाऊन टाकलं.

मर्टनकडे याला शब्द आहे, अपकार्य. एखादा भाग सगळ्या व्यवस्थेला पोषकच असतो, हे त्याला मान्य नव्हतं. जे टिकून आहे त्याचा काहीतरी उपयोग असणारच, हे मान्य नव्हतं. आणि अमुक काम फक्त अमुक संस्थाच करू शकते हेही मान्य नव्हतं. त्याच कामाला पर्याय असू शकतो. तो प्रकार्यवादाच्या घरातच राहिला, पण त्यानं घराच्या खिडक्या उघडल्या. ‘उपयुक्त, पण कुणाला?’ हा प्रश्न त्याच्या मांडणीत आहे. टीकाकारांनी तो पुढे मोठ्यानं विचारला इतकंच.

आता हा प्रश्न गावकरीला विचारा. १५२६ साली अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं गावकऱ्यांच्या चालीरीती कागदावर उतरवून घेतल्या. त्या दस्तऐवजाला फोराल म्हणतात. त्यात गावच्या जमिनीवरचा गावकारांचा हक्क मान्य झाला. पण राजाला चालीरीतींचं कौतुक होतं म्हणून हे झालं असं समजायचं कारण नाही. महसूल हवा होता, आणि गावकरी ही वसुलीची तयार यंत्रणा होती. बांध टिकावा, शेत पिकावं, कर यावा. व्यवस्था सुरळीत चालणं हे लिस्बनच्याही सोयीचं होतं. आणि गावात? गावकार म्हणजे मूळ कुळांच्या पुरुषवंशातले. वर्षाच्या नफ्यातला हिस्सा, झोण, त्यांना. बायकांना नाही. बाहेरून येऊन वसलेल्यांना नाही. आषाढात रात्री दोन वाजता बांध फुटला म्हणून छातीभर चिखलात उभं राहून पेंढ्याचे भारे दाबणारा जो माणूस, तो बहुतेक वेळा झोणाच्या यादीत नसायचा.

डेव्हिस आणि मूर या दोघांनी १९४५ साली एक निबंध लिहिला, तो अजून अभ्यासक्रमात आहे. त्यांचं म्हणणं असं की समाजात काही जागा जास्त महत्त्वाच्या असतात, त्यांना लागणारं कसब थोड्यांकडे असतं, म्हणून त्या जागांना जास्त मोबदला आणि मान. विषमता ही म्हणून सगळीकडे असते आणि ती कामाची असते. मेल्विन ट्युमिननं १९५३ साली विचारलं की कोणती जागा महत्त्वाची हे ठरवलं कुणी? आणि ज्यांना शिकायची संधीच मिळाली नाही त्यांच्यात कसब नव्हतं हे कशावरून? मला ट्युमिनचा मुद्दा शिकवायला कधीच कठीण गेला नाही. बांधावरचा माणूस आणि वहीत झोण लिहिणारा कारकून यांतला एक महिनाभर रजेवर गेला तर गावाचं काय होईल, एवढंच मुलांना विचारायचं.

आमचं घर लहानसं भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं. फार जमीन नव्हती, पण माडांच्या भाटात मुंडकारांची काही घरं होती. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा आणि त्या बदल्यात राखण करणारा, हाकेला ओ देणारा. माझी आते या सगळ्याबद्दल बोलायला लागली की पार्सन्ससारख्या अमेरिकन प्रकार्यवाद्यानं वही काढून लिहून घ्यावं. चवथीला पहिला नारळ कुणी आणायचा, गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीला कांगलां आणि घागऱ्यो ही रानफळं कोण आणणार, लग्नात मांडव कुणी घालायचा, बाळंतिणीला आमच्याकडून तांदूळ आणि तूप किती जायचं, सगळं ठरलेलं. “तीं आमचींच मनशां. कोणाक कितें उणें पडूंक दिलें ना,” आते म्हणायची. हे ती मनापासून बोलायची. आणि ते खोटंही नव्हतं. आमच्या आजोबांनी एका मुंडकाराच्या मुलाचं आजारपण स्वतःच्या खर्चानं काढलं होतं, ही गोष्ट त्या घरातही सांगतात.

त्याच घरातली नात आता आमच्या वाड्यावर चिऱ्याच्या दोन खोल्यांच्या घरात राहते आणि नोकरी करते. मी एकदा तिला आतेचं हे सगळं सांगितलं. ती हसली. म्हणाली, “बाई, आजीच्या घराला मातीची भिंत होती, वर माडाची चुडतां. का, माहीत आहे? चिरा लावायचा तर तुमच्या घरी विचारावं लागायचं. चिऱ्याची भिंत म्हणजे कायमचं घर. ते कोण लावून देणार?” मग थोड्या वेळानं म्हणाली, “तूप यायचं, ते खरं.”

हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि प्रकार्यवादाची अडचण मला यात जितकी स्पष्ट दिसते तितकी कुठल्या पुस्तकात दिसली नाही. आतेच्या वर्णनात एकही तपशील चुकीचा नाही. देवाणघेवाण होती, आपुलकी होती, व्यवस्था चालत होती. मातीची भिंत तेवढी त्या वर्णनात नाही. ती दिसायला तुम्हाला भिंतीच्या आत राहावं लागतं. टॅलकॉट पार्सन्स म्हणायचा की समाज समान मूल्यांवर उभा असतो, माणसं ती मूल्यं लहानपणापासून आत घेतात, म्हणून समाज टिकतो. मुंडकाराच्या आजीनं ती मूल्यं आत घेतली होती, की घर मोडेल म्हणून मान खाली घातली होती, हे बाहेरून कसं कळणार? डेनिस राँगनं १९६१ साली हीच तक्रार केली: तुमच्या सिद्धांतातला माणूस नको इतका शहाणा, नको इतका संस्कारी झाला आहे. खरा माणूस आतून कुरकुरतो.

देवळाचं सांगायचं तर मला सावध व्हावं लागतं, कारण देवळावर माझा जीव आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी, बारदेशातून मूर्ती नेसत्या वस्त्रानिशी निघाल्या आणि त्यांतल्या पुष्कळ आमच्या फोंडा भागात येऊन स्थिरावल्या. मूळ गाव गेलं तरी कुळांना एकत्र येण्याची जागा राहिली. देऊळ लोकांना धरून ठेवतं हे दुर्खीमचं म्हणणं सिद्ध करायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. जत्रेच्या रात्री पालखीला खांदा कुणाचा, दिवटी कुणाच्या हातात, ढोल कुणाचा, पायघड्या कुणाच्या, प्रत्येकाची चाकरी ठरलेली आणि प्रत्येक चाकरीला तिचा मान. हे पाहताना अंगावर काटा येतो. पण ‘मान’ या एकाच शब्दात खांदा देणारा आणि ज्याचं देवळाच्या वह्यांमध्ये महाजन, म्हणजे देवळाचा वंशपरंपरेनं हक्कदार, म्हणून नाव आहे तो, असे दोघे बसवले जातात. १८८६ च्या पोर्तुगीज नियमावलीनं महाजनकी कागदावर आणखी पक्की केली. ढोल वाजवणाऱ्याचा मुलगा ढोलच वाजवणार, हे कागदाशिवायही पक्कं होतं. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली सांगून ठेवलंय की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. ‘प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं’ या वाक्याचं कौतुक करणाऱ्या सगळ्या सिद्धांतांना ते एक वाक्य पुरून उरतं, आणि ते पार्सन्सच्या पहिल्या मोठ्या ग्रंथाच्या एक वर्ष आधीचं आहे.

आणि कलावंत. देवळाच्या सेवेला बांधल्या गेलेल्या बायका. या परंपरेतून गोव्यानं देशाला केसरबाई केरकर दिल्या, मोगूबाई कुर्डीकर दिल्या. एखादा प्रकार्यवादी सहज लिहून जाईल की या प्रथेनं संगीत जपलं. जपलं, यात शंका नाही. पण मुलींना लग्नाचा, घराचा, नाही म्हणण्याचा हक्क नाकारून जपलं, हा त्याच वाक्याचा उरलेला अर्धा भाग आहे. तो भाग त्या समाजातल्याच माणसांनी मोठ्यानं म्हटला. राजाराम पैंगीणकरांसारखे लोक ही प्रथा मोडायला उभे राहिले तेव्हा मर्टन फिलाडेल्फियात वाढणारा पोरगा होता, जादूचे प्रयोग करण्याच्या वयाचा. पर्यायी संस्था वगैरे शब्द तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. गाणं मात्र प्रथा गेल्यावरही राहिलं: घरांतून, शिकवण्यांतून, १९७० नंतर कला अकादमीच्या वर्गांतून. म्हणजे ते काम करायला ती प्रथाच हवी, असं काही नव्हतं.

बाकीच्या टीकेतून मी वर्गात जरा भराभर जाते. सी. राइट मिल्सनं १९५९ साली पार्सन्सचे लांबलचक उतारे घेऊन त्यांचं चार सोप्या ओळींत रूपांतर करून दाखवलं, ते वाचताना अजून हसू येतं. पण त्यात विचारापेक्षा भाषेची थट्टा जास्त आहे. डॅरेनडॉर्फ म्हणाला की हा समाज नव्हे, हा स्वप्नातला गाव आहे, जिथं कधी काही बिनसत नाही. लुईस कोझरनं १९५६ मध्ये उलटा डाव टाकला आणि संघर्षाचीही प्रकार्यं असतात असं दाखवलं. ते पुस्तक चांगलं आहे, पण मला नेहमी वाटतं की भांडणालासुद्धा कामाला लावून घेतलं तर भांडणात उरतं काय? १९७० च्या सुमारास गोल्डनरनं सगळ्या पाश्चात्त्य समाजशास्त्रावर संकट आल्याचं जाहीर केलं तोवर अमेरिकेत विद्यापीठं पेटलेली होती आणि तोल-संतुलनाची भाषा ऐकायला कुणी थांबत नव्हतं. या सगळ्यांत माझा आवडता माणूस हर्बर्ट गॅन्स. १९७२ साली त्यानं गंभीर चेहऱ्यानं गरिबीची उपयुक्त कामं सांगितली: घाणेरडी कामं स्वस्तात होतात, शिळा-जुना माल खपतो, गरिबांवर देखरेख करणाऱ्यांना नोकऱ्या मिळतात. प्रकार्यवादाची पद्धत तीच, फक्त यादी वाचून झाल्यावर आपलीच आपल्याला लाज वाटते. गोव्यात ही यादी लांबवायला फार डोकं लागत नाही. आमच्याकडे शेत लावायला, बंगले बांधायला, हॉटेलांच्या मागच्या बाजूला भांडी घासायला बाहेरच्या राज्यांतून येणारी माणसं स्वस्त आहेत म्हणून किती गोष्टी ‘सुरळीत’ चालतात ते मोजून पाहा.

इथपर्यंत आलं की वर्ग माझ्या बाजूनं असतो. प्रकार्यवाद हरला, टीका जिंकली. आणि इथंच मला मुलांना थोडं अडवावंसं वाटतं, कारण आमच्या गावात पुढे जे झालं ते कुठल्याच टीकाकाराच्या पुस्तकात नीट बसत नाही.

मुक्तीनंतर १९६४ साली गोव्यात कूळ कायदा आला. १९७५ साली मुंडकारांना घरातून काढता येणार नाही असा कायदा आला. १९७६ च्या दुरुस्तीनं कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला. जे झालं ते व्हायलाच हवं होतं. आतेसमोरसुद्धा मी हे बोलत आले, आणि त्यावरून आमचं अधूनमधून वाजायचं. पण कायद्यानं जमीन वाटली, बांध वाटता येत नव्हता. कोमुनिदादची आवक आटली आणि तिच्यावरची जबाबदारीही सैल झाली. बांधाची निगा कुळांच्या संघटनांकडे आली, काही सरकारच्या मृदसंधारण खात्याकडे. जमिनीचे तुकडे, मालक पुष्कळ, त्यांतले कुणी वास्कोला नोकरीला, कुणी आखातात, कुणी बोटीवर. पूर्वी गावकरी हुकूम काढायची आणि बांधावर माणसं यायची. न येऊन सांगतील कुणाला? त्या येण्यात सक्ती होती. पण बांध उभा राहायचा.

याचा अर्थ ‘बघा, जुनं तेच बरं होतं’ असा काढणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्याशी वाद घालायचा मला आता कंटाळा येतो. मातीची भिंत बघितलेली नसली की असं सुचतं. पण मुलांना मी एवढं जरूर सांगते की अन्यायाची व्यवस्थासुद्धा काहीतरी काम करत असते, आणि ती मोडताना ते काम आता कोण करणार हे ठरवावं लागतं. ते आपोआप ठरत नाही. टीकाकार हे काम पाहायला बहुधा तयार नसतात, कारण पाहिलं तर आपण व्यवस्थेची बाजू घेतो की काय अशी त्यांना भीती. प्रकार्यवादी काम बघतो आणि बघता बघता मोहरून जातो. मर्टनची पर्यायाची कल्पना मला म्हणून सगळ्यात उपयोगी वाटते: काम तेच, ते करायची दुसरी रीत कोणती, आणि तिचा खर्च या वेळी कुणाच्या माथी?

आमच्या शेतकरी संघटनेची सभा शाळेच्या वर्गात होते. गेल्या खेपेला विषय होता नदीकडच्या बांधाला पडलेलं खिंडार आणि मानशीची पावणी. मीही गेले होते. आतेचा वाटा माझ्या नावावर आला आहे. कसत नाहीत ते म्हणाले, आम्ही बांधासाठी पैसे का द्यावे. कसतात ते म्हणाले, तुमच्या पडीक शेतातून खार आमच्यात उतरतो. एक जण म्हणाला, सरकारनं घालावा बांध, मतं मागायला येतात ना. पावणी घेणारा मागच्या बाकावर मोबाइल बघत बसला होता. अर्धा-पाऊण तास हे चाललं आणि मग अध्यक्षांनी पावणीचा विषय पुकारला.

मुंडकाराची नात उठली. ती आता संघटनेच्या कमिटीवर आहे.

“गेल्या वर्षीच्या पावणीचे पैसे किती आले आणि त्यांतले बांधावर किती गेले, ते आधी वाचून दाखवा,” ती म्हणाली.

सेक्रेटरीनं वही चाळली. हिशेब तयार आहे, पण ऑडिट व्हायचंय, पुढच्या सभेत ठेवू, असं म्हणाला.

“बरं. मग पावणीसुद्धा पुढच्या सभेतच घेऊ,” ती म्हणाली आणि खाली बसली. मागच्या बाकावरच्या माणसानं पहिल्यांदा मोबाइलवरून मान वर काढली. कुणीतरी अनुमोदन दिलं. मीही हात वर केला.